डॉक्टरोत्तर अधिछात्रवृत्ती

पीएच्.डी. अथवा तत्सम संशोधनपदवी संपादन केलेल्या व्यक्तीस, नियमित अध्यापकपदावर नेमणूक होण्यापूर्वी, विद्यापीठात वा संशोधनसंस्थेत ठराविक मुदतीपर्यंत संशोधन करता यावे म्हणून दिले जाणारे अर्थसाहाय्य. ते मिळविणाऱ्यास डॉक्टरोत्तर अधिछात्र म्हणतात. ही मुदत सामान्यतः एक ते तीन वर्षांची असते. अधिछात्र हा रूढ अर्थाने विद्यार्थी नसतो, कारण त्याने सर्वोच्च पदवी मिळविलेली असते. तो अध्यापकही नसतो, कारण त्याचे पद मुदतीचे असते व विद्यापीठाच्या कारभारात त्याला स्थान नसते. या मधल्या अवस्थेत त्याने कोणाच्या प्रयोगशाळेत, कोणाच्या सल्ल्याने आणि कितपत स्वातंत्र्याने काम करावे, हा प्रश्न या व्यवस्थेच्या प्रारंभापासून उपस्थित झालेला आहे. अधिछात्रवृत्तीसाठी करावयाच्या अर्जाचे स्वरूप आणि मार्गदर्शक प्राध्यापकाची कर्तव्ये यांत काळानुसार जे बदल होत गेले, ते मुख्यतः याच प्रश्नाच्या अनुषंगाने झाले.

पूर्वपीठिका : संशोधन हे विद्यापीठाचे अंगभूत कार्य होय, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात जर्मनीत दृढ झाली. व्हिल्हेल्म फोन हुंबोल्ट (१७६७–१८३५) यांच्या पुढाकाराने १८१० मध्ये स्थापन झालेले बर्लिन विद्यापीठ आणि गीसन येथील यूस्टुस फोन लीबिक (१८०३–७३) यांची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा ही या नव्या परंपरेची ठळक उदाहरणे होत. जर्मन विद्यापीठांत डॉक्टर ही पदवी मिळाल्यावर अध्यापनाचा अधिकार प्राप्त होण्यासाठी आणखी एक प्रबंध सादर करावा लागे. तो मान्य झाल्यावरही संबंधित विद्वानाला नियमित वेतन मिळत नसे. व्याख्यानांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शुल्कावर त्याला निर्वाह करावा लागे. त्यामुळे पदवीनंतरची उमेदवारीची वर्षे ज्याला घरची अनुकूलता असे, त्यालाच परवडत. मार्गदर्शकाची निवड व त्याची संमती हा तर सर्वस्वी व्यक्तिगत मामला होता.

या व्यवस्थेचा जाच कोणाला किती होई, हे लीझे माइट्‌नर (१८७८–१९६८) यांच्या चरित्रावरून कळते. व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट १९०६ मध्ये मिळवून त्या १९०७ मध्ये बर्लिनला गेल्या. तेथे ओटो हान या रसायनशास्त्रज्ञांबरोबर किरणोत्सर्गावर संशोधन करण्याची त्यांना मुभा मिळाली. तथापि संस्थेत स्त्रियांना प्रवेश नसल्यामुळे तळघरातील एका जुन्या सुतारकामाच्या खोलीतच त्यांनी काम करावे, अशी अट होती. प्रशियातील विद्यापीठे १९०८ मध्ये स्त्रियांना खुली झाल्यावर ही अट सैल झाली. माक्स प्लांक यांनी १९१२ मध्ये साहाय्यक म्हणून नेमणूक करीपर्यंत त्यांना वेतन नव्हते व वडिलांकडून येणाऱ्या पैशांवरच त्या राहत होत्या. पुढे अणुकेंद्रीय भंजनाच्या उपपत्तीत ज्यांचा वाटा निर्णायक ठरला, त्या संशोधिकेची ही पाच वर्षे अशा रीतीने घरच्या आधारामुळेच निभावली.

संस्थात्मक प्रारंभ : अशा उमेदवारीला नियमित अर्थसाहाय्य देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. बॉल्टिमोर येथे १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष डॅन्यल कॉइट गिलमन (१८३१–१९०८) यांनी प्रतिवर्षी ५०० डॉलरच्या २० अधिछात्रवृत्त्या ठेवल्या. पहिल्या अधिछात्रांत पुढे तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्धीस आलेले जोसाया रॉइस हे होते. या अधिछात्रांपैकी अनेकांना डॉक्टरेट अजून मिळावयाची होती. तरीही संशोधनासाठी संशोधकाला निर्वाहवेतन द्यावे, हे तत्त्व येथे एका विद्यापीठाने आपले धोरण म्हणून स्वीकारले.

ब्रिटनमध्ये १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनातून उरलेल्या निधीची व्यवस्था पाहणाऱ्या राजनियुक्त आयोगाने १८९१ मध्ये विज्ञान संशोधनासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. साम्राज्यातील विद्यापीठांनी आपला उमेदवार सुचवावा आणि निवड आयोगाने करावी, अशी पद्धत होती. न्यूझीलंडमधून १८९४ मध्ये दोन अर्ज आले. जेम्स मॅक्‌लॉरिन या रसायनशास्त्रज्ञाचा अर्ज मान्य झाला व दुसरा मागे राहिला. मॅक्‌लॉरिन यांनी मायदेशीच राहण्याचे ठरविल्यामुळे ती शिष्यवृत्ती दुसऱ्या अर्जदारास, म्हणजे अर्नेस्ट रदरफर्ड (१८७१–१९३७) यांना मिळाली. तिची रक्कम वर्षाला १५० पौंड होती. इतर विद्यापीठांच्या पदवीधरांना संशोधक विद्यार्थी म्हणून प्रवेश देणारा नियम केंब्रिजने १८९५ मध्येच केला होता; त्याचा लाभ घेऊन रदरफर्ड कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. टॉमसन यांच्याकडे दाखल झाले. अणुगर्भाच्या शोधापर्यंत नेणाऱ्या कारकीर्दीचा आरंभ अशा प्रकारे एका नाकारल्या गेलेल्या अर्जाच्या फेरविचारातून झाला. निवडसमितीच्या निर्णयात योगायोगाचा भाग किती असतो, हेही यातून दिसून येते.

मार्गदर्शकाचे महत्त्व : नुसत्या अर्थसाहाय्याने काम भागत नाही, याचे उदाहरण म्हणून नील्स बोर (१८८५–१९६२) यांचा उल्लेख करता येईल. कोपनहेगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९११ मध्ये मिळाल्यावर कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाच्या अनुदानावर ते केंब्रिजला टॉमसन यांच्याकडे गेले. धातूंच्या इलेक्ट्रॉन सिद्धांतावरील आपल्या प्रबंधाची चर्चा टॉमसन यांच्याशी व्हावी, अशी त्यांची अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. मार्च १९१२ मध्ये ते मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथील काही महिन्यांच्या वास्तव्यात अणुरचनेचा प्रश्न त्यांच्या विचाराचा केंद्रबिंदू बनला व १९१३ मध्ये त्यांनी आपली अणुविषयक उपपत्ती प्रसिद्ध केली. अनुदान तेच होते आणि संशोधकही तोच होता; फरक पडला तो स्थळाचा व मार्गदर्शकाचा. बोर यांनी स्वतः कोपनहेगन येथे १९२१ मध्ये जी संस्था उभारली, तीत पुढे देशोदेशींच्या तरुण संशोधकांना मुक्तद्वार मिळाले.

पहिल्या महायुद्धानंतरचा विस्तार : आधुनिक अर्थाने डॉक्टरोत्तर म्हणता येईल अशी पहिली मोठी योजना अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९१९ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने सुरू केली. पाच वर्षांसाठी तीत पाच लाख डॉलरची तरतूद होती. भौतिकी व रसायनशास्त्र या विषयांसाठी एखादी मध्यवर्ती संशोधनसंस्था उभारावी काय, असा विचार प्रतिष्ठानापुढे आधी होता. रॉबर्ट मिलिकन प्रभृती शास्त्रज्ञांनी त्याऐवजी तरुण डॉक्टरेटधारकांना विद्यापीठांतूनच संशोधनाची संधी द्यावी, असा आग्रह धरला व तो मान्य झाला. डॉक्टरेट ही पात्रतेची अट या योजनेने रूढ केली. प्रारंभीच्या अधिछात्रांपैकी आर्थर कॉम्प्टन यांनी १९१९-२० हे वर्ष केंब्रिजमध्ये काढले. लायनस पॉलिंग व रॉबर्ट ओपेनहायमर हेही पुढे या योजनेचे अधिछात्र होते. हीच योजना नंतर वैद्यक व जीवविज्ञान या शाखांना लागू करण्यात आली. १९२५ पासून गुगेनहाइम प्रतिष्ठानाच्या अधिछात्रवृत्त्यांनी विद्वान आणि कलावंत अशा दोघांनाही आपल्या कक्षेत घेतले.

यूरोपात रॉकफेलर कुटुंबाच्याच देणगीतून १९२३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळाने संशोधकांच्या परदेशगमनास साहाय्य दिले. व्हेर्नर हायझेनबेर्क (१९०१–७६) हे या मंडळाच्या अधिछात्रवृत्तीवर सप्टेंबर १९२४ मध्ये बोर यांच्याकडे गेले व १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी पुंजयामिकीचा पायाभूत लेख लिहिला. एन्रीको फेर्मी हेही १९२४ मध्ये याच मंडळाच्या साहाय्याने लायडन येथे पाउल एरेनफेस्ट यांच्याकडे गेले होते. अलेक्सांडर फोन हुंबोल्ट यांच्या स्मरणार्थ १८६० मध्ये स्थापन झालेले जर्मन प्रतिष्ठान चलनफुगवट्यात निधी नष्ट झाल्यामुळे बंद पडले होते. ते १९२५ मध्ये व पुन्हा १९५३ मध्ये पुनरुज्जीवित झाले. १९५३ पासून १९७५ पर्यंत त्याचे अध्यक्षपद हायझेनबेर्क यांच्याकडे होते. या प्रतिष्ठानाने अर्जदारांसाठी विषयनिहाय वा देशनिहाय राखीव संख्या ठरविली नाही. अर्जदाराने आपला यजमान प्राध्यापक स्वतः निवडावा आणि त्याची संमती अर्जासोबत जोडावी, ही पद्धत मात्र कसोशीने पाळली.

भारतातील परंपरा : भारतात या व्यवस्थेची पूर्वचिन्हे खाजगी देणग्यांमध्ये आढळतात. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांनी मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा यांसाठी देणगी दिली, त्याचप्रमाणे १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले. त्यांतून प्रेमचंद रायचंद छात्रवृत्ती सुरू झाली. प्रारंभी ती परीक्षेच्या आधारे मिळे. पुढे तिच्यासाठी संशोधनपर प्रबंध सादर करावा लागू लागला. मेघनाद साहा (१८९३–१९५६) यांना १९१९ मध्ये ही छात्रवृत्ती मिळाली व एका प्रवासवृत्तीची तीत भर पडल्याने ते यूरोपला जाऊ शकले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत त्यांना ताऱ्यांच्या वर्णपटांविषयीची विपुल सामग्री उपलब्ध झाली. फाउलर यांच्या टीकाटिपणीच्या आधारे त्यांनी आपल्या लेखाचे पुनर्लेखन केले आणि तो १९२१ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. आयनीभवनाची मूळ कल्पना साहांची स्वतःची होती व ते ती भारतातून घेऊन गेले होते; फाउलर यांनी तिला पुराव्याची जोड मिळवून दिली. स्वतःची कल्पना असलेला अधिछात्र आणि तिची कसून परीक्षा करणारा मार्गदर्शक यांची ही जोडी आदर्श मानावी लागेल.

सत्येंद्रनाथ बोस (१८९४–१९७४) यांच्या बाबतीत शिफारशीचे सामर्थ्य दिसून येते. त्यांनी १९२४ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांना आपला लेख पाठविला. आइन्स्टाइन यांनी त्याची प्रशंसा करणारे जे पत्र धाडले, ते पाहून डाक्का विद्यापीठाने बोस यांची दोन वर्षांची अभ्यासरजा मंजूर केली. बोस यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती. नियमानुसार चालणाऱ्या निवडप्रक्रियेत त्यांचा अर्ज कदाचित छाननीतच बाद झाला असता. उलट, अशा पत्रावर सर्व भिस्त ठेवणारी पद्धत ज्यांची कोणा मोठ्या शास्त्रज्ञाशी ओळख नाही अशांना अन्यायकारक ठरते, हेही तितकेच खरे.

आर्थिक आधाराचा प्रश्न हरगोविंद खोराना (१९२२–२०११) यांच्या उदाहरणात तीव्रतेने दिसतो. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर लिव्हरपूल येथे १९४८ मध्ये पीएच्.डी. मिळाल्यानंतर ते झुरिक येथे व्लाडिमिर प्रेलॉग यांच्याकडे गेले. तेथे त्यांना वेतन नव्हते. शिलकीवर गुजराण करीत त्यांनी सु. एक वर्ष काढले. प्रेलॉग यांच्या सहवासाचा आपल्या विचारसरणीवर व कामाकडे पाहण्याच्या दृष्टीवर कायमचा ठसा उमटला, असे खोराना मानीत. १९४९ मध्ये ते भारतात परतले. येथे योग्य काम न मिळाल्याने केंब्रिजच्या अधिछात्रवृत्तीवर १९५० मध्ये पुन्हा बाहेर पडले आणि अलेक्झांडर टॉड व जी. डब्ल्यू. केनर यांच्याबरोबर न्यूक्लिइक अम्लांच्या रसायनशास्त्राकडे वळले. १९६८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्या वेळी ते अमेरिकेत होते. मधल्या काळात देशात एखादी अधिछात्रवृत्ती उपलब्ध असती, तर काय घडले असते, हा प्रश्न भारतीय धोरणकर्त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता.

परदेशी शिकलेल्या शास्त्रज्ञांना परतल्यावर तात्पुरते काम मिळावे, या हेतूने वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९५८ मध्ये शास्त्रज्ञांचा संचय निर्माण केला. विद्यापीठ अनुदान आयोग आणि भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद (१९६९) यांनीही कालांतराने डॉक्टरोत्तर योजना आखल्या. महाराष्ट्रात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५) व जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेले ज्योतिर्विज्ञान व खगोलभौतिकी आंतरविद्यापीठ केंद्र (आयुका) यांनी डॉक्टरोत्तर संशोधकांना आपल्या कार्यात नियमित स्थान दिले. विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाने २०१५ मध्ये राष्ट्रीय डॉक्टरोत्तर अधिछात्रवृत्ती सुरू केली. दोन वर्षांच्या या योजनेत अर्जदाराने आपला मार्गदर्शक व संस्था यांची नावे अर्जातच देणे आवश्यक होते आणि एका मार्गदर्शकाकडे एका वेळी दोनांपेक्षा अधिक अधिछात्र असू नयेत, असे बंधन घालण्यात आले. २०२३ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात हे मंडळ नंतर विलीन झाले.

मार्गदर्शनातील संदिग्धता : मार्गदर्शकाचे कर्तव्य केवळ सौजन्यावर सोपविल्यास काय होते, हे डीएन्‌ए रेणूच्या संरचनेच्या शोधाच्या इतिहासात दिसते. रोझालिंड फ्रँक्लिन (१९२०–५८) या तीन वर्षांच्या अधिछात्रवृत्तीवर जानेवारी १९५१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रुजू झाल्या. त्यांचा मूळ अर्ज विद्रावातील प्रथिनांच्या अभ्यासासाठी होता. त्या येण्यापूर्वी विभागप्रमुख जॉन रँडल यांनी डिसेंबर १९५० मध्ये पत्र पाठवून विषय बदलला आणि डीएन्‌एचे क्ष-किरण संशोधन त्यांच्याकडे राहील, असे सूचित केले. मात्र त्याच विषयावर आधीपासून काम करणारे मॉरिस विल्किन्स यांना या पत्राची माहिती देण्यात आली नाही. विल्किन्स त्यांना साहाय्यक समजत राहिले. त्या स्वतःला स्वतंत्र संशोधक समजत होत्या. यातून उद्‌भवलेला बेबनाव शेवटपर्यंत मिटला नाही आणि १९५३ मध्ये फ्रँक्लिन यांनी ती संस्था सोडली. याच सुमारास जेम्स वॉटसन (१९२८–२०२५) हे कोपनहेगन येथे जीवरसायनशास्त्र शिकण्यासाठी मिळालेल्या अमेरिकन अधिछात्रवृत्तीवर यूरोपात आले होते. तेथील विषयात मन न रमल्याने त्यांनी १९५१ मध्ये केंब्रिज गाठले. अधिछात्रवृत्ती देणाऱ्या मंडळाने या स्थलांतराला सहजासहजी संमती दिली नाही. एकाच शोधाशी संबंधित असलेल्या या दोन अधिछात्रांपैकी एकीवर विषय वरून लादला गेला व दुसऱ्याने ठरलेला विषय स्वतःहून टाकला. दोन्ही प्रसंगी अर्ज, मंजुरी आणि प्रत्यक्ष काम यांत मेळ राहिला नव्हता.

लिखित कर्तव्यांकडे वाटचाल : दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी अनुदाने वाढली, तशी अमेरिकेत अधिछात्रांची संख्याही वाढली. त्यांतील बहुतेकांचे वेतन प्राध्यापकांच्या संशोधन-अनुदानातून निघू लागल्याने त्यांचे स्वातंत्र्य आकुंचित झाले. राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९६९ मध्ये या वर्गाची जी विस्तृत पाहणी प्रसिद्ध केली, तिच्या शीर्षकात त्याला ‘अदृश्य विद्यापीठ’ म्हटले होते, ते अन्वर्थक आहे. विद्यापीठांच्या नोंदींत या संशोधकांना धड स्थानच नव्हते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८४ मध्ये सुरू केलेली अध्यक्षीय डॉक्टरोत्तर अधिछात्रवृत्ती या दृष्टीने उल्लेखनीय होय. अध्यापकवर्गात ज्यांचे प्रमाण अल्प होते, अशा स्त्रिया व अल्पसंख्य समाजगट यांतील डॉक्टरेटधारकांना अध्यापनाच्या क्षेत्राकडे आकृष्ट करणे, हा तिचा मूळ हेतू होता. अर्थसाहाय्याबरोबर प्राध्यापकाचे मार्गदर्शन हा या योजनेचा अधिकृत घटक ठरविण्यात आला. अर्जदाराचा विचार करताना नियोजित मार्गदर्शकाचाही विचार होऊ लागला. पुढे, अमेरिकेच्या २००७ च्या एका कायद्यान्वये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागणाऱ्या प्राध्यापकाने, त्यातून डॉक्टरोत्तर संशोधकास वेतन द्यावयाचे असल्यास, त्याला कोणते मार्गदर्शन दिले जाईल याचे लेखी निवेदन जोडणे बंधनकारक झाले. हे निवेदन एका पृष्ठाचे असले, तरी त्यामुळे अर्जाची जबाबदारी प्रथमच दोन्ही पक्षांवर आली.

अर्जाचे स्वरूप : विविध देशांतील अर्जांत आता पुष्कळ साम्य आढळते. संशोधनाचा आराखडा, प्रबंधाचा गोषवारा, प्रकाशित लेखन, शैक्षणिक वृत्तांत, दोन किंवा तीन तज्ञांची शिफारसपत्रे आणि मार्गदर्शकाचे संमतिपत्र ही त्याची प्रमुख अंगे होत. आराखड्यात प्रबंधाच्या विषयाचा केवळ पुढचा अध्याय असू नये, तसेच त्याच्याशी काहीच संबंध नसलेला विषयही असू नये, अशी अपेक्षा असते. मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार मुदतीपूर्वी काही महिने सुरू करावा लागतो, कारण आराखडा त्याच्या चर्चेतून घडणे इष्ट असते. त्याच्या संमतिपत्रात जागा व साधने देण्याचे आश्वासन एवढेच पुरेसे नसते. काम कोणाचे मानले जाईल, लेखांवर नावे कोणाची येतील आणि मुदत संपल्यावर अधिछात्राला विषय बरोबर नेता येईल काय, या गोष्टी आधीच स्पष्ट होणे दोघांच्याही हिताचे असते. फ्रँक्लिन यांच्या बाबतीत नेमके याच गोष्टींविषयी मौन पाळले गेले होते.

मूल्यमापन : अधिछात्रवृत्तीमुळे घरची संपन्नता नसलेल्यांनाही संशोधनाची दारे उघडली आणि विद्येची देवघेव देशांच्या सीमा ओलांडून होऊ लागली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि अध्यापकांच्या कायम जागा त्या प्रमाणात न वाढल्यामुळे अनेक देशांत ही उमेदवारीची अवस्था लांबत गेली. एकामागून एक मुदतीच्या नेमणुका स्वीकारीत चाळिशी गाठणाऱ्या संशोधकांचा एक वर्ग निर्माण झाला. वयोमर्यादेच्या अटींचा फटका विशेषतः बाळंतपण व संगोपन यांमुळे खंड पडलेल्या स्त्रियांना बसतो, म्हणून काही योजनांत त्यांना सवलत देण्यात आली आहे. लेखी मार्गदर्शन-योजनेने मार्गदर्शकाला उत्तरदायी केले. मात्र ती अंमलात येते की नाही हे पाहणारी यंत्रणा बहुतेक ठिकाणी दुर्बल राहिली आहे. अर्जात कबूल केलेले मार्गदर्शन प्रत्यक्षात मिळाले काय, याची अधिछात्राकडूनच मुदतीअखेर स्वतंत्रपणे विचारणा करण्याची प्रथा जोपर्यंत सार्वत्रिक होत नाही, तोपर्यंत एका चांगल्या मार्गदर्शकाचा लाभ होणे हे बव्हंशी अर्जदाराच्या पारखीवर व सुदैवावरच अवलंबून राहील.